रस्त्याकडे पाठ केलेली इमारत

आमच्या वाडीतला पहिला पदवीधर मी. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यामुळेच घडलं. महाडच्या कॉलेजातून बी.ए., इतिहास, सेकंड क्लास. निकालाचा कागद घेऊन घरी आलो त्या दिवसापासून वाडीत मला नावानं कुणी हाक मारली नाही. "बीए, इकडं ये रे." "बीएला विचारा." "बीए जेवला काय गो?" औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर, कोर्टाची नोटीस, मुंबईहून आलेलं पत्र, स्टोव्हच्या खोक्यातून निघालेला माहितीचा कागद, सगळं माझ्यापुढे यायचं. मला वाचता येत होतं, मी वाचत होतो. यात मिरवण्यासारखं काय, असं शिकलेल्या घरातली माणसं म्हणतील. त्यांनी म्हणावं.

मुंबईला गिरणीत आणि गोदीत गेलेल्या आमच्या माणसांचं तिकडे एक मंडळ होतं, आणि गावात आमचं ग्रामीण मंडळ. रीत अशी, की ठरवायचं मुंबईकरांनी आणि करायचं गावकऱ्यांनी. ग्रामीण मंडळाचे अध्यक्ष माझे बाबा. आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात मुंबईकरांनी ठरवलं, की वाडीला समाजमंदिर पाहिजे. एक मोठा हॉल, हॉलात स्टेज, भांडी आणि सतरंज्यांना एक खोली, बालवाडीला एक खोली.

ही बालवाडीची खोली माझ्या धाकट्या बहिणीला हवी होती. ती मॅट्रिक झालेली, बालवाडीचं ट्रेनिंग पुरं केलेलं. तालुक्याच्या तपासणीच्या बाईंनी सांगितलं होतं, जागा दाखवा. पसंत पडली तर केंद्र तुमच्या वाडीला आणि सेविका तुमची पोरगी. नाही पडली तर केंद्र नदीपलीकडच्या मोठ्या गावाला. आणि केंद्र तिकडे गेलं, तर बहिणीनं मुंबईला आत्याच्या खोलीत जायचं, हे घरात ठरून गेलं होतं. तिला जायचं नव्हतं. तिनं ते दुसऱ्या कुणाला सांगितलं नव्हतं. मला सांगितलं होतं.

इमारतीचा नकाशा मुंबईहून सुट्टीवर आलेल्या एकाच्या ट्रंकेतून आला, साड्यांच्या घडीत. निळसर कागद, त्यावर रेघा. पोलादपूरचा गवंडी दोरी आणि खुंट्या घेऊन आला, वाडीतली सगळी माणसं जागेवर जमली, आणि बाबांनी कागद माझ्या हातात दिला. म्हणाले, "हा वाचील."

मी आयुष्यात घराचा नकाशा पाहिला नव्हता. जगाचा पाहिला होता, भारताचा पाहिला होता, लढायांचे पाहिले होते. पण समोर चाळीस माणसं उभी, आणि बाबांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मी कागद डोळ्यांपुढे धरला आणि मान हलवली.

गवंडी म्हणाला, "भाऊ, कागदाचं डोकं कुनीकडं करायचं?"

आता आमची वाडी कशी आहे ते सांगतो. डोंगराच्या उतारावर घरं, उताराच्या पायथ्याशी रस्ता, रस्त्याच्या पलीकडे नदी. घरांच्या जमिनीसुद्धा थोड्या कललेल्या. त्यामुळे झोपताना डोकं डोंगराकडे आणि पाय नदीकडे. उलट झोपलं की सकाळी डोकं जड होतं, हे वाडीतल्या तान्ह्या पोरालाही ठाऊक. घोंगडी अंथरायची तीही तशीच. आंब्याची पेटी ठेवायची तीही तशीच. उत्तर-दक्षिण आमच्यात कुणी बोलत नसे. नकाशाच्या कोपऱ्यात एक सुई काढली होती, तिच्या टोकाला इंग्रजी एन. एन म्हणजे उत्तर हे मला माहीत होतं. आमची उत्तर कुठे आहे, हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं.

मी म्हणालो, "डोंगराकडं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसरीकडे कुठे असणार? कागदाच्या वरच्या कडेला दोन समांतर रेघा होत्या. त्या रेघा म्हणजे वाडीच्या माथ्यावरून पावसाळ्यात वाहणारा पऱ्ह्या, म्हणजे ओढा, असं मी समजलो. तेही बरोबर जुळलं. त्या रेघांच्या बाजूला मोठा दरवाजा दाखवला होता. दरवाजा पऱ्ह्याकडे का, असं एक क्षण मनात आलं. पण गवंडी खुंटी ठोकायला लागला होता.

त्या दोन रेघा म्हणजे रस्ता होता.

चार महिन्यांत इमारत उभी राहिली. वीटकाम चांगलं, मंगलोरी कौलं, आतून चुना, बाहेरून पिवळा रंग. वाडीनं स्वतःच्या हातांनी बांधली. रस्त्यावरून पाहिलं, की एक लांब पिवळी भिंत दिसायची आणि अगदी वर हवेसाठी दोन जाळ्या. दार नाही. दार पलीकडच्या बाजूला, डोंगराच्या दरडीला तोंड करून. दरड आणि इमारत यांच्यामध्ये दोन माणसं एकमेकांना चुकवून जातील एवढी बोळ. त्या बोळात एका ओळीत तीन दारं: भांड्यांच्या खोलीचं, हॉलचं, बालवाडीचं. तिन्ही सारख्या मापाची, तिन्हींना एकाच डब्यातला हिरवा रंग.

बुद्धपौर्णिमेला उद्घाटनासाठी मुंबईकर उतरले. पांढरे शर्ट, हातात हार, एकाच्या हातात फीत आणि कात्री. सगळे पिवळ्या भिंतीपुढे येऊन उभे राहिले. फीत बांधायला दोन खांब शोधत होते. मुंबई मंडळाचे अध्यक्ष गोदीत मुकादम होते, मोठ्या आवाजाचे. त्यांनी भिंतीला डावीकडून उजवीकडे पाहिलं, मग उजवीकडून डावीकडे.

"दरवाजा किधर हाय?"

बाबा म्हणाले, "मागं."

"मागं कशाला? हा बॅकसाईड हाय काय मग?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं. मी बी.ए. होतो. मी म्हणालो, "मुद्दाम तसं केलंय. रस्त्याची धूळ येत नाही, गाड्यांचा आवाज येत नाही. नवीन पद्धत आहे."

मुकादमांनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं. मग मागे वळून बाकीच्यांना म्हणाले, "नवीन पद्धत हाय." आणि सगळे एकामागून एक बोळात शिरले. फीत दरडीवरच्या करवंदीच्या जाळीला बांधावी लागली. कापताना मुकादमांना काटा लागला.

त्याच महिन्यात पहिलं लग्न झालं. नवऱ्याकडची माणसं लांबून, शिवथरच्या बाजूची. वरात वाजत गाजत आली आणि भिंतीपुढे येऊन थांबली. आमच्यातला जो माणूस त्यांना घेऊन येत होता, तो मागच्या मागे चहा प्यायला गेला होता. ताशेवाला पुढे. त्याला दार दिसेना, तो वाजवत वाजवत डावीकडे वळला. बोळातून जाताना तीन बंद दारं दिसली. बंद दार कोण उघडणार? तो पुढे गेला. वरात त्याच्या मागे. पहिली फेरी झाली, दुसरी झाली. दुसऱ्या फेरीला नवऱ्याच्या आजोबांनी चपला काढून हातात घेतल्या. त्यांचं बघून सगळ्यांनी काढल्या. आतून आमची माणसं बाहेर आली तेव्हा तिसरी फेरी चालू होती, आणि आपण मध्येच कसं थांबवायचं म्हणून तीही गप्प उभी राहिली. आत आल्यावर आजोबा बाबांना म्हणाले, "तुमच्याकडं तीन फेऱ्यांची रीत हाय काय? चांगली हाय."

बाबा म्हणाले, "हाय."

पुढची दोन-तीन लग्नं तशाच तीन फेऱ्या मारून लागली, आमच्याच माणसांची. एक तर भांड्यांच्या खोलीत हरवलं होतं. म्हणजे नवरीचा मामा. हॉल समजून आत गेला, कुणीतरी बाहेरून कडी घातली, आणि लग्न लागायच्या वेळेला तो मोठ्या टोपावर चमचा वाजवत होता. बाहेर सगळ्यांना वाटलं, वाजंत्री रंगात आलीय.

मी ठरवलं, पाट्या लावायच्या. माझं अक्षर चांगलं आहे. पत्र्याच्या तुकड्यांवर पांढऱ्या रंगात लिहिलं: प्रवेश मागील बाजूने. सभागृह. भांडारगृह. बालवाडी. वाडीत वाचता येणारी माणसं मोजकी, आणि त्यांना दार आधीच माहीत होतं. ज्यांना माहीत नव्हतं ती पाटीखाली उभी राहून विचारायची, "इथं काय लिव्हलंय?" मग मी सांगायचो. मी नसलो तर ती तशीच उभी.

म्हणून मी बाण काढले. बाण कुणालाही कळतो, अशी माझी समजूत. गेरूनं भिंतीवर सहा बाण, डावीकडे जाणारे. शेजारची चुलती पाणी घेऊन येताना थांबली.

"मासं कशाला काढलंस रे?"

"मासे नाहीत, काकी. बाण आहेत. इकडून जा असं सांगतायत."

तिनं हंडा खाली ठेवला आणि नीट पाहिलं. "ह्यो शेपटीचा भाग ना? मग तोंड तिकडं. म्हंजे ते तिकडं पळतायत. मला काय सांगतायत?"

"तेच. तिकडं जा."

"माश्याच्या मागं मी कशाला जाऊ?" ती म्हणाली आणि हंडा उचलून उजवीकडून गेली. मला वाटलं म्हातारीचं डोकं चालत नाही. मग आठवडाभर पाहिलं. सगळी वाडी उजवीकडूनच जात होती. डावीकडे कौलांचं पाणी पडून चिखल व्हायचा, तिथून कोण जाईल? बाणांना विचारून चालायची आमच्यात पद्धत नव्हती. पायाखाली कोरडं कुठे, हे बघायची होती.

श्रावणात तपासणीच्या बाई आल्या. माझी तयारी चोख. चौदा मुलं अंघोळ घालून, तेल लावून बालवाडीच्या खोलीत बसवलेली. बहिणीला मी बजावलं होतं, बाई येईपर्यंत एकही आवाज होता कामा नये, शिस्त दिसली पाहिजे. मी रस्त्यावर त्यांना घ्यायला उभा होतो, पण त्या एसटीनं न येता कुणाच्या तरी जीपमधून आल्या आणि वरच्या वळणावर उतरल्या. मी खाली एसटीची वाट बघत राहिलो.

पुढचं मला बहिणीनं सांगितलं. खोलीत मुलं चिडीचूप. बाहेर बाईंची छत्री भिंतीला घासत गेल्याचा आवाज. त्या बाणांप्रमाणे गेल्या, वाडीत बाणांप्रमाणे जाणारं पहिलं माणूस, आणि चिखलात एक चप्पल रुतली. ती काढली. बोळात आल्या. दरडीवरून उडालेल्या चिखलानं दारांवरच्या पाट्यांची अक्षरं झाकली होती. पहिलं दार उघडलं, टोप आणि पातेली. दुसरं उघडलं, रिकामा हॉल. "कुणी आहे का?" असं विचारलं. बहिणीनं तोंड उघडलं, पण चौदा पोरं तिच्याकडे शिस्तीनं बघत होती आणि मी बजावलेलं तिला आठवलं. ती गप्प बसली. तिसऱ्या दारामागेही कुणी नसेल असं समजून बाई इमारतीला आणखी एक फेरी मारून आल्या, आणि मग एका पोराला शिंक आली म्हणून तिसरं दार सापडलं.

मी धावत पोहोचलो तेव्हा त्या वहीत लिहीत होत्या. माणूस रागीट नव्हतं. बहिणीला म्हणाल्या, "मुली, तुझी खोली चांगली आहे. मुलंही चांगली आहेत. पण मी एवढी घोड्यासारखी वाढलेली बाई, मला सापडली नाही. चार वर्षांच्या पोरानं आईचा हात सोडून, कुणाला न विचारता आत यायला पाहिजे. तशी जागा पाहिजे. दसरा झाला की परत येते. तेव्हाही अशीच असली तर मला दुसऱ्या गावाचं नाव लिहावं लागेल."

त्या गेल्यावर मी म्हणालो, "बाण मोठे काढतो. उजवीकडून काढतो."

 दुसऱ्या दिवशी बहीण मला हॉलात घेऊन गेली. आमचा हॉल असा होता, की बोळाकडच्या दारातून आत शिरलं की समोर लांब स्टेज, रस्त्याकडच्या भिंतीला टेकलेलं. दोन्ही खोल्या दाराच्या दोन अंगांना, म्हणजे आत येणाऱ्याच्या पाठीशी. त्यांना आतूनही दारं होती, पण आलेल्या माणसाला ती दिसत नसत. बहिणीनं मला स्टेजवर चढवलं आणि वळवून उभं केलं.

"आता काय दिसतंय, दादा?"

सगळं दिसत होतं. पूर्ण हॉल, डावीकडे भांड्यांच्या खोलीचं दार, उजवीकडे बालवाडीचं दार, मधे मोठं दार. काही विचारायला उरलं नव्हतं.

"ही मागची भिंत फोडायची," ती म्हणाली. "रस्त्यावरनं सरळ आत."

"म्हणजे येणारा माणूस स्टेजवर येईल."

"येऊ दे की. दोन पायऱ्या उतरंल."

"लोक काय म्हणतील?"

"आत्ता काय म्हणतायत?"

मला माहीत होतं काय म्हणतायत. पण भिंत फोडायची तर मंडळाची बैठक पाहिजे, मुंबईला पत्र पाहिजे, आणि दार मागे का आहे याचं खरं कारण पाहिजे. नवीन पद्धत तीन महिन्यांत का फोडायची?  बहिणीनं एवढंच म्हटलं, "आत्याचं पत्र आलंय. माझ्यासाठी खाटेखाली जागा केलीय म्हणते."

बैठक भरली. गवंड्यालाही बोलावलं होतं. मी उभा राहिलो. कॉलेजात वक्तृत्वाला मला बक्षीस होतं, पण त्या दिवशी एकच वाक्य आलं. मी म्हणालो, "नकाशा मी उलटा धरला होता. एवढं चांगलं बांधलेलं काम माझ्यामुळं पाठमोरं झालं."

 मग गवंडी म्हणाला, "मला दोरी लावताना कळलं व्हतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी बीए. म्हटलं, शिकलेल्या मानसाला रस्ता नको आसंल."

बाबा खाली बघत म्हणाले, "मला जोत्याच्या येळंला कळलं."

"बाबा, तुम्ही तरी."

"कसं बोलू? मीच म्हटलं व्हतं ना, हा वाचील."

मागून काकी म्हणाली, "मला काय कळायचं व्हतं? भिंत बांधली, मी म्हटलं आता दार कुठनं काढतील. सगळ्यांनाच ठाव व्हतं, रे. तुला वाईट वाटंल म्हून कोन बोललं नाय."

पूर्ण वाडीनं, माझी पदवी सांभाळण्यासाठी, चार महिने पाठमोरी भिंत रचली होती. विटा डोक्यावरून वाहिल्या होत्या. मला काय वाटलं ते मी नीट सांगू शकत नाही. राग आला, एवढं खरं. मग राग कुणावर धरायचा ते सापडेना.

मुंबईला मी स्वतः पत्र लिहिलं, सगळं खरं. मुकादमांचं उत्तर पंधरा दिवसांनी आलं, दुसऱ्याच्या हातून लिहून घेतलेलं. लिहिलं होतं, की आम्हा सर्वांस उद्घाटनादिवशीच समजले होते. परंतु आपण नवीन पद्धत म्हणालात म्हणून आम्ही मुंबईत सर्वांना तसेच सांगितले. त्यावरून शेजारच्या गावच्या मंडळानेही आपल्या समाजमंदिराचा दरवाजा मागे घेतला असून त्यांचे बांधकाम कौलांपर्यंत आले आहे. तरी आपण भिंत फोडावी, मात्र त्यांना इतक्यात कळवू नये.

भिंत फुटली. गवंड्यानं चांगली रुंद चौकट बसवली, रस्त्यापासून दारापर्यंत दगडी फरशी घातली, दाराला पायऱ्या केल्या. स्टेजवरून हॉलात उतरायला दोन बुटक्या पायऱ्या, मुलांच्या पायांच्या मापाच्या. माप बहिणीनं एका पोराला उभं करून घेतलं. डोंगराकडची तिन्ही दारं आतून कड्या घालून बंद केली. बालवाडीच्या आतल्या दाराचा हिरवा रंग तिनं खरवडून काढला आणि ते लाल केलं. पाट्या मी स्वतः उतरवल्या. बाणांवर चुना मारला.

एक अडचण मात्र झाली, ती आजही आहे. आमच्याकडे सभेला उशिरा आलेला माणूस थेट वक्त्याच्या शेजारी उगवतो. अध्यक्ष बोलत असतात, आणि मागून कुणीतरी भाजीची पिशवी घेऊन प्रकट होतो. स्टेजवर आल्यावर समोर माणसं बसलेली दिसतात, म्हणून तो हात जोडतो. माणसं सवयीनं टाळ्या वाजवतात. मग तो उतरून बसतो. मी पुढे नोकरीत पुष्कळ सरकारी इमारती पाहिल्या, त्यांत जिने, बोळ, पाट्या, बाण सगळं होतं, आणि मी स्वतः त्यांत चुकलेलो आहे. आमच्या हॉलात मात्र कुणी चुकल्याचं मला माहीत नाही. लाजलेले पुष्कळ.

दसऱ्यानंतर बाई आल्या, यावेळी एसटीनं. रस्त्यावर उभ्या राहून त्यांनी दाराकडे पाहिलं, पण स्वतः आत गेल्या नाहीत. बहीण बालवाडीच्या खोलीत होती. बाई मला म्हणाल्या, "तुम्ही काही बोलायचं नाही. हातही दाखवायचा नाही." मी हात पाठीमागे बांधले. रस्त्याकडेला आईबरोबर एक चिमुरडी उभी होती, त्या आठवड्यात पहिल्यांदाच आलेली, आधी कधी इमारतीत न शिरलेली. बाई वाकून तिला म्हणाल्या, "बालवाडीत जा बघू."

पोरीनं आईकडे पाहिलं. आईनं हात सोडला. पोरगी तशीच उभी. मग फरशीवर एक पाय ठेवला, मग दुसरा. दारापाशी थांबली. माझ्या पाठीमागे बोटं दुखायला लागली होती. ती आत गेली. आम्ही दोघं तिच्या मागे, आवाज न करता.

ती स्टेजवर मधोमध उभी होती. खाली सतरंजीवर वाडीतली पाच-सहा माणसं सहज म्हणून येऊन बसली होती, खरं तर बघायला. पोरीनं त्यांना पाहिलं आणि हात जोडले. तिला ते कुणी शिकवलं नव्हतं. स्टेजवर माणसं तसं करतात, एवढं तिनं भीमजयंतीच्या मांडवात पाहिलं असणार. माणसांनी टाळ्या वाजवल्या. पोरगी जरा दचकली, मग तिनं हॉल पाहिला, लाल दार पाहिलं, बसून बसून दोन पायऱ्या उतरली आणि लाल दारातून आत गेली.

बाई पुढे झाल्या. स्टेजच्या मध्यावर आल्यावर समोर माणसं दिसली. त्यांचेही हात जोडले गेले. पुन्हा टाळ्या. बाई हसल्या नाहीत. तिथेच उभ्या राहून त्यांनी वही काढली, पेनाचं टोपण दातात धरलं आणि बराच वेळ लिहिलं. मग वही मिटून पायऱ्या उतरता उतरता लाल दाराकडे बघून म्हणाल्या, "सोमवारपासून सुरू कर गं. रजिस्टर मी पाठवते."

बहीण लाल दारात उभी होती, कडेवर ती पोरगी. तिनं बाईंना मान हलवून हो म्हटलं. बाई बाहेर गेल्या तरी मी स्टेजवर तसाच, हात अजून पाठीमागे. मला काहीतरी बोलायचं होतं. खोलीतली सगळी पोरं दाराशी गोळा होऊन माझ्याकडे टक लावून बघत होती.

बहीण म्हणाली, "दादा, तू उतर आता. पोरांना वाटतंय, काय तरी कार्यक्रम हाय."